शोनबर्गवर वात्रटिका लिहायची असेल तर

ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गवर गंमतीत लिहायचं म्हटलं की बहुतेक जण "काय तो गोंगाट, कानठळ्या बसल्या" एवढंच लिहून मोकळे होतात. हे शंभर वर्षांपूर्वीचं शिळं झालंय, आणि त्यात शोनबर्ग कुठेच नसतो. खरी गंमत त्याच्या आयुष्यात आणि त्याच्या संगीताच्या नियमांत आहे, तिथूनच उचला.

सुरुवात 13 आकड्यापासून करा, कारण त्याला या आकड्याची प्रचंड धास्ती होती आणि जन्म नेमका 13 सप्टेंबर 1874 चा, व्हिएन्नाचा. त्यात 1920 च्या दशकात त्याने पद्धत काढली ती बारा सुरांची! छंद सोपा ठेवा, अभंगासारखी सहा-सहा अक्षरं:

तेरा आकड्याची
मनामध्ये धास्ती,
म्हणून का सूर
बारा, नाही जास्ती?

इथे प्रश्नचिन्ह हवंच. सप्तकात बारा सूर असतात म्हणून ते बारा, भीतीमुळे नाही, तेव्हा विनोद करा पण खोटं ठामपणे सांगू नका. त्याच्या ऑपेराचं नाव 'मोझेस उंड आरोन', म्हणजे मोझेस आणि त्याचा भाऊ आरोन, रोमन लिपीत आरोनचं नेहमीचं स्पेलिंग ठेवलं तर अक्षरं तेरा होतात, म्हणून त्याने एक ए (A) काढला असं सांगतात:

भावाच्या नावाचा
एक अ गाळला,
तेराचा गोंधळ
बाराने टाळला!

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्याचाच नियम कवितेला लावणं. बारा सूर एका ठरलेल्या क्रमाने येतात, सगळे होईपर्यंत क्रमातला एकही परत येत नाही, मग तोच क्रम उलटा किंवा आरशातल्यासारखा फिरवून वापरता येतो. आपण बारा शब्द घ्यायचे, एकही परत नाही:

बारा सूर रांगेत उभे,
कोणी कुणाला ढकलत नाही,
उलट मोजा तरी तेवढेच.

आता ओळी खालून वर वाचा, अर्थ टिकतो. हे जमायला वेळ लागतो, पण ज्याला संगीत कळतं तो वाचक इथे खरा खूश होतो.

प्रसंग हवे असतील तर 31 मार्च 1913 ची व्हिएन्नातली मैफल घ्या. शोनबर्ग कंडक्ट करत होता, श्रोत्यांत हाणामारी झाली आणि कार्यक्रम अर्धवट सोडावा लागला. इथे चिमटा श्रोत्यांना काढा. नाहीतर लॉस एंजेलिसमध्ये तो अमेरिकन संगीतकार गर्श्विनबरोबर टेनिस खेळायचा ते घ्या, गंभीर चेहऱ्याचा हा माणूस रॅकेट घेऊन पळतोय यातच अर्धी कविता झाली.

1933 मध्ये नाझींमुळे त्याला बर्लिन सोडावं लागलं, त्यावर मात्र यमक जुळवू नका. लिहून झालं की मोठ्याने म्हणून बघा, जीभ अडखळली तर अक्षरं परत मोजा, आणि त्याची एखादी रचना ऐकल्याशिवाय शेवटची ओळ पक्की करू नका, 'पिएरो ल्युनेर' पासून सुरुवात केलीत तरी चालेल.