साडेसहा डिजिटचा मीटर, तरी रीडिंग नाचतंय? या चुका टाळा

बेंच मीटरवरचे आकडे नाचायला लागले की पहिला संशय मीटरवर जातो, मग प्रोबवर. माझाही गेला होता. १० मिलिओहमच्या शंटमधून (करंट मोजायला लावलेल्या छोट्या रेझिस्टरमधून) २०० मिलिअँपिअर जात होते, म्हणजे २ मिलिव्होल्ट दिसायला हवे होते. दिसत होते कधी १.६, कधी २.५. प्रोब बदलले, वायरी पिळून घेतल्या, फरक शून्य. शेवटी मेनू उघडला, तर काम लवकर उरकावं म्हणून इंटिग्रेशन टाइम, म्हणजे एका रीडिंगसाठी मीटर किती वेळ मोजतो ते, मीच ०.२ पीएलसी करून ठेवलेला. तो १० केला आणि रीडिंग जागेवर बसलं.

हा पीएलसी म्हणजे पॉवर लाइन सायकल. कारखान्यात यंत्रं चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, म्हणून एक सायकल २० मिलिसेकंदांची. मीटर ठरवलेल्या वेळातल्या व्होल्टेजची सरासरी काढतो. पूर्ण सायकल घेतली तर मेन्सच्या हमचा (विजेच्या लाइनमधून मोजणीत शिरणाऱ्या लाटेचा) वरचा आणि खालचा अर्धा एकमेकांना खाऊन टाकतात. ०.२ पीएलसी म्हणजे जेमतेम ४ मिलिसेकंद; लाटेचा कुठला तुकडा हाती लागेल याचा नेम नाही. त्यामुळे लहान डीसी व्होल्टेज मोजताना १ च्या खाली जाऊच नका.

मीटरला मेन्स किती हर्ट्झची वाटतेय, तेही बघा. अजिलंटचा ३४४०१ए हा साडेसहा डिजिटचा मीटर चालू होतानाच ते स्वतः ओळखतो, काही मीटरांत मात्र हाताने निवडावं लागतं. तिथे ६० राहिलं, तर १ पीएलसी १६.६७ मिलिसेकंदांचा होतो आणि ५० हर्ट्झच्या हमचा जवळपास १९ टक्के भाग रीडिंगमध्ये उरतो. मिलिसेकंदांत वेळ देता येत असेल तर १०० द्या. त्यात ५० हर्ट्झच्या पाच आणि ६० हर्ट्झच्या सहा सायकली पुऱ्या बसतात.

सगळ्यात फसवी चूक कॉम्प्युटरवरून मीटर चालवताना होते. रिझोल्युशन आणि इंटिग्रेशन टाइम ही दोन वेगळी बटणं आहेत असं आपण धरून चालतो. आत ती एकमेकांना बांधलेली असतात. ३४४०१ए ला कॉन्फिगर कमांडमध्ये १० व्होल्टची रेंज आणि १ मिलिव्होल्ट रिझोल्युशन दिलं, की तो गुपचूप ०.०२ पीएलसी निवडतो. तुमच्या मनात असतं, ‘१ मिलिव्होल्ट मला पुष्कळ झाला’. मीटर त्याचा अर्थ घेतो, ‘घाई आहे, हम चालेल’. म्हणून आधी कॉन्फिगर, मग एनपीएलसी (किती पीएलसी ते सांगणारी कमांड) वेगळा, मग रीड. ‘मेजर’ (MEASure) ही कमांड मधेच घुसवलीत तर तुम्ही दिलेला एनपीएलसी पुसला जातो. आणि रिझोल्युशन व्होल्टमध्ये लिहायचं असतं, डिजिटमध्ये नाही: तिथे ६ लिहिलं तर ते ६ व्होल्ट होतात.

याच्या उलट, भीतीपोटी सगळीकडे १०० पीएलसी लावणारेही आहेत. एका रीडिंगला २ सेकंद, ऑटोझीरो चालू असेल तर ४, कारण दर रीडिंगला मीटर स्वतःचा शून्यही मोजतो. बोर्डावर आठ पॉइंट आणि ५०० बोर्ड असतील, तर नुसत्या मोजणीतच साडेचार तासांच्या आसपास गेले. १ पीएलसीवर तेच काम तीन मिनिटांत होतं. शिवाय लोड धडधडत असेल तर त्या २ सेकंदांत सगळे ठोके सपाट होऊन येतात.

दिसणारा प्रत्येक आकडा खरा धरू नका. ३४४०१ए ची १० व्होल्टच्या रेंजवरची एका वर्षाची अचूकता रीडिंगच्या ०.००३५ टक्के अधिक रेंजच्या ०.०००५ टक्के. ५ व्होल्टला ती २२५ मायक्रोव्होल्ट भरते, आणि डिस्प्ले तर १० मायक्रोव्होल्टपर्यंत दाखवतो. रिपोर्टमध्ये शेवटचा आकडा लिहिण्याआधी हे गणित करा.

एसी मोजताना पीएलसीचं सेटिंग बदलून उपयोग नाही, तिथे एसी फिल्टर बघा.

आणि १०० पीएलसीवरही रीडिंग हळूहळू एकाच दिशेने सरकत असेल, तर तो हम नाही. तांबं आणि सोल्डर जिथे भेटतात तिथे तापमानातल्या दर अंश सेल्सिअस फरकाला साधारण ५ मायक्रोव्होल्ट तयार होतात. जोड थंड होऊ द्या, प्रोब उलटे लावून पुन्हा मोजा, दुसऱ्या रीडिंगचं चिन्ह उलटवा आणि दोन्हींची सरासरी घ्या.