कागदाचा सपाटपणा घरच्या घरी कसा मोजावा, आणि दमट हवेचा हिशेब कसा धरावा

मे महिन्यात कुलर लागला की झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद अडकायला लागतो. पावसाळ्यात रीम सादळते आणि पत्रिकांच्या छपाईत दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही. तालुक्याच्या गावी छपाईचं काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. दोष बहुतेक वेळा कंपनीला दिला जातो, पण आधी कागद मोजून पाहावा.

कागदातला तंतू हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. ओलावा घेतला की तो लांबीत नाममात्र वाढतो, रुंदीत मात्र चांगलाच फुगतो. कारखान्यात बहुतेक तंतू मशीनच्या दिशेने, म्हणजे मशीनवर कागद ज्या दिशेने पुढे सरकतो तिकडे, पडलेले असतात, म्हणून कागद त्याच्या आडव्या दिशेने जास्त वाढतो. त्यामुळे सपाटपणाच्या आकड्याशेजारी त्या वेळची आर्द्रता लिहिलेली नसेल, तर तो आकडा कामाचा नाही. प्रयोगशाळेत आयएसओ १८७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता ठेवून मोजतात. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते आणि पावसाच्या झडीत ८० च्या वर, म्हणून नोंद जास्तच गरजेची.

सामान: कागदापेक्षा मोठी, ५-६ मिमी जाड काच, स्टीलची पट्टी, गॅरेजमध्ये मिळतो तो फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), टॉर्च आणि डिजिटल आर्द्रतामापक. पट्टीचा शून्य अगदी टोकाला हवा. प्लास्टिकच्या पट्टीत शून्याआधी थोडी जागा सुटलेली असते आणि तेवढं माप चुकतं.

आधी मापक तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबथेंब पाणी घाला. मीठ ओल्या रेतीसारखं दिसायला हवं, विरघळायला नको. झाकण आणि मापक घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर पुढच्या नोंदींत ५ मिळवा. ही खूण उन्हाळ्या-हिवाळ्यात फारशी हलत नाही, म्हणून भरवशाची.

मग तंतूंची दिशा ओळखा. कागदाच्या उभ्या आणि आडव्या बाजूने १५ मिमी रुंद, २० सेंमी लांब अशा दोन पट्ट्या कापा. एकावर एक ठेवून एका टोकाला धरा, मग उलटून पाहा. जी पट्टी जास्त वाकते, ती आडव्या दिशेची.

आता मोजणी. पंखा, कुलर बंद करा. रीमच्या वरून, मधून आणि खालून कागद घ्या. हात कोरडे ठेवा, कडेनेच धरा. ज्या बाजूला कोपरे उचलतात ती बाजू वर करून कागद काचेवर ठेवा. चार कोपरे आणि चार कडांचे मध्य, अशा आठ जागी काचेपासूनची उंची घ्या. पट्टी काटकोनात उभी ठेवा, कागदाला टेकवू नका. बारीक उंचवट्याला फीलर गेजची पाती न दाबता सरकवा. खोलीत अंधार करून टॉर्च काचेलगत आडवी धरली की लपलेल्या लाटाही दिसतात.

नुसती उंची नको, आकारही लिहा. कडांना लाटा आणि मध्य सपाट असेल, तर कडांनी ओलावा ओढला आहे. कडा ताठ आणि मध्ये फुगवटा असेल, तर कडा वाळून आखडल्या. अख्खा कागद एका बाजूला वळत असेल, तर दोन्ही बाजूंचा ओलावा सारखा नाही. तो ओल्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे वळतो. झेरॉक्समधून गरम निघालेला कागद यामुळेच गुंडाळतो.

आर्द्रतेचा परिणाम पाहायचा तर त्याच मिठाच्या डब्यात एक कागद टांगा, दुसऱ्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत एक. दिवसभराने दोन्ही मोजा. एक लक्षात ठेवा: सादळून मग वाळलेला कागद, त्याच आर्द्रतेला, कोरड्यातून आलेल्या कागदापेक्षा जास्त ओलावा धरून असतो. म्हणून कागद आधी कुठे होता, हेही लिहा.

कडांना लाटा आलेल्या रीमवर वजन ठेवून फायदा नाही. ओलावा आतच राहतो. कागद थोडेथोडे सुटे करून, कुलरच्या झोतापासून दूर, छपाईच्याच खोलीत रात्रभर राहू द्या. नवी रीम मात्र वेष्टनातच राहू द्यावी, शहाबादी फरशीवर न टेकवता लाकडी फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब.