एकट्यानं रानात राहायचंय? आधी राखणीचा माळा गाठा

'अलोन' ही मालिका बघून आमच्या खानापूर-जांबोटीकडच्या पोरांचे हात नुसते शिवशिवायला लागलेत, कोण फेरो रॉड (घासला की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी) मागवतंय कोण चाकू मागवतंय, आणि मग विचारतात भीमगडात कुठल्या बाजूला राहायला जाऊ. कुठल्याच बाजूला जाऊ नका ओ. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, परवानगी नसताना आत सापडलात तर केस होते, वर अस्वल आणि गवे आहेतच, त्यांना तुमच्या व्हिडिओचं काही पडलेलं नाही. पण हौस फिटवायची सोय आपल्याकडं आहे, आणि ती पोरं विसरलीत. राखणीचा माळा, म्हणजे पिकाची राखण करायला शेतात बांधलेलं मचाण.

आधी त्या खेळात जिंकतात कसं ते बघा, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळेल. 2015 ला सुरू झालेला कार्यक्रम, दहाजणांना वेगवेगळ्या ठिकाणी सोडतात, प्रत्येकानं ठरलेल्या यादीतल्या दहा वस्तू घ्यायच्या, कॅमेरा स्वतःच चालवायचा, आणि नको झालं की सॅटेलाइट फोनवरून सांगायचं की न्या मला. शेवटी उरेल त्याला पाच लाख डॉलर. पहिल्या सीझनचा माणूस व्हँकुव्हर बेटावर 56 दिवस राहिला, सातव्या सीझनला मात्र 100 दिवस काढायचे आणि दहा लाख डॉलर घ्यायचे असा हिशोब होता, आणि रोलंड वेल्करनं कॅनडातल्या ग्रेट स्लेव्ह लेकवर ते 100 दिवस काढले. पळणं नाही, कुणाला हरवणं नाही, दुसरा कधी गेला ते कळतसुद्धा नाही. जो कमी हलतो, कमी खर्च करतो आणि डोकं ठिकाणावर ठेवतो तो उरतो.

तिसऱ्या सीझनचं बघा. पॅटागोनियात कार्ली फेअरचाइल्ड 86 दिवस राहिली, स्वतःहून उठली नाही, डॉक्टरांनी उठवली, कारण बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती तो आकडा, 17 च्या खाली गेला. दुसऱ्या दिवशी, 87 व्या दिवशी, दुसरा गडी जिंकला. आता हे 17 म्हणजे किती ते स्वतःवर काढून बघा, उंची 170 सेंटिमीटर असेल तर साधारण 49 किलो. म्हणजे 60 किलोचा काटक पोरगा सिक्स पॅक घेऊन गेला तर त्याच्याकडं घालवायला 11 किलोच आहेत, आणि 85 किलोचा ढेरपोट्या माणूस शांत बसून 36 किलो घालवू शकतो. म्हणून तिथं जाणारे आधी मुद्दाम वजन वाढवून जातात. जिमवाल्यांना हे पटत नाही, जाऊ दे.

आणि नुसतं मटण मिळालं म्हणून भागत नाही. सहाव्या सीझनला जॉर्डन जोनासनं बाण मारून आख्खा मूस पाडला, मूस म्हणजे घोड्याहून मोठं हरीण, तरी त्याला घोर लागला तो चरबीचा, कारण वुल्व्हरिन नावाचं जनावर येऊन त्याची साठवलेली चरबी पळवायला लागलं. नुसतं बिनचरबीचं मांस खाऊन खाऊन माणूस खंगतो, शरीराला तेल-तूप लागतंच. शेवटी तो 77 दिवस राहून जिंकला.

आता आपलं. पावसात नको, जांबोटी-कणकुंबीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तुळशीचं लग्न झालं की भात कापणीला येतं, उसात डुकरं शिरतात, आणि मामा नाहीतर काका राखणीला माणूस शोधत असतात. त्यांना सांगा, मी जातो. रान त्यांचं, परवानगी त्यांची, वनखात्याचा प्रश्न नाही. फक्त त्या आठवड्यात हत्ती किंवा वाघ फिरतोय अशी कुणकुण असली तर कार्यक्रम रद्द, आणि गवा आला तर माळ्यावरून उतरायचं नाही, टॉर्च मारत त्याच्या मागं जायचं तर मुळीच नाही. भात गेलं तर जाऊ दे.

माळा जुना असेल तर उजेडात चढून बघा, चिवा (बांबू) किडलेला आहे का, दोऱ्या कुजल्यात का. वरनं पिंजार आणि त्यावर ताडपत्री. सामान: घोंगडं, मच्छरदाणी, पातेलं, कोयता, दोरी, टॉर्च, घरचं पाणी, काडेपेटी, आणि हौसेचा फेरो रॉड. त्यांच्या यादीत फासाची तार असते, ती तुम्ही घ्यायचीच नाही. ससा, घोरपड, रानडुक्कर काहीही असो, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहे, स्वतःच्या बांधावर फास लावला तरीही. गळ टाकायचा असेल तर शेततळ्यात मालकाला विचारून टाका.

विस्तव मात्र नीट शिका, यात मजा आहे. नवीन रॉडवर काळा थर असतो, तो आधी खरवडून काढा, नाहीतर ठिणगीच पडत नाही आणि तुम्ही रॉडला शिव्या देत बसाल. वाळलेल्या चिव्याची साल कोयत्याच्या पाठीनं खरवडून बारीक भुसा करा, मूठभर, त्यात सावरीचा कापूस असेल तर सोन्याहून पिवळं (उन्हाळ्यात बोंडं फुटतात तेव्हा डबीत भरून ठेवायचा). मग बहुतेकजण जे करतात ते करू नका, म्हणजे रॉड घासायची पट्टी पुढं ढकलू नका, त्यानं हात जाऊन भुशावर आपटतो आणि सगळं विस्कटतं. पट्टी भुशाजवळ स्थिर धरायची आणि रॉड मागं आपल्याकडं ओढायचा. धूर आला की फुंकायची घाई नको, आधी काड्या, मग कारवीच्या वाळक्या काटक्या, शेवटी शेणी. हे सगळं खाली मोकळ्या, साफ केलेल्या जमिनीवर, पाचट आणि पिंजारापासून लांब, शेजारी पाण्याची घागर ठेवून. रॉडला भडक रंगाची दोरी बांधून गळ्यात घाला, पहिल्या सीझनला एकाचा रॉड हरवला आणि गडी चौथ्या दिवशी घरी.

झोपताना एक गोष्ट टीव्हीवर बघितलेली करू नका. तिकडं थंडीत सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांची गादी करतात, म्हणून इकडं कोणी पालापाचोळा गोळा करून त्यावर आडवा पडेल, तर गोचीड. माकडताप गोचिडीनंच होतो, शिमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलात 1957 ला सापडला, 2015 ला गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 ला दोडामार्गात आला, म्हणजे आपल्या घाटाच्या पायथ्याशीच. पूर्ण बाह्या, पायात मोजे, सकाळी अंग तपासायचं, चार-आठ दिवसांत ताप आला तर डॉक्टरला रानात झोपलो होतो हे आधी सांगायचं. माळ्यावरून रात्री उतरलात तर बूट झटकून घालायचे, घोणस शेतातच असते, चावली तर मांत्रिकाकडं नाही, थेट बेळगावच्या सिव्हिलला.

खरी परीक्षा संध्याकाळी सहाला सुरू होते. अंधार पडतो आणि पुढं बारा तास काहीच नसतं. फोन बंद करून पिशवीत, फक्त अडचणीसाठी, तेही आधी रेंज बघून, कणकुंबीकडं ती येते-जाते. हाताला काम ठेवा, लाकडाची पळी तासा, दोरी वळा. सात वाजता वाटतं नऊ वाजले असतील. त्यात पहिल्या रात्री उपाशी राहायची हौस करू नका, भाकरी, चटणी, शेंगदाणे खा, उपास पुढच्या खेपेला, शुगरवाल्यांनी कधीच नको. शूटिंग करायचं असेल तर तेही करून बघा, कॅमेरा लावायचा, समोरून चालत जायचं, परत फिरून कॅमेरा आणायला यायचं, प्रत्येक शॉटला दुप्पट चाल. मग कळतं ते लोक एवढे चिडचिडे का दिसतात.

परत कधी यायचं ते जायच्या आधी कागदावर लिहून घरात द्या: अमुक वाजता फोन आला नाही तर दोघांनी बघायला यायचं, ताप, उलटी, जनावर, यातलं काही झालं तर उतरायचं, नुसता कंटाळा आला तर उजाडेपर्यंत बसायचं. पहिल्या सीझनला अस्वलाच्या भीतीनं एकजण पहिल्याच रात्री परत गेला होता, तेव्हा लाज वाटून घेऊ नका. एक रात्र जमली तर मामाला सांगा भात झोडपेपर्यंतची राखण माझी, त्याला तेवढंच पाहिजे असतं.