फल्लुजाच्या विजयावर वाद कसा मांडावा

शहरातील लढाईत जी माणसे मेली त्यांच्या मानाने तो विजय कितपत टिकला, हा प्रश्न वादविवादाला घेतला की पाचच मिनिटांत एक बाजू दुसरीला निर्दयी ठरवते आणि दुसरी पहिलीला भाबडी ठरवून मोकळी होते. हे टाळायचे असेल तर ‘युद्ध’ या मोघम विषयावर न बोलता एकच शहर आणि एकच लढाई निवडावी. विद्यार्थ्यांची तयारी करून घेताना मी इराकमधील फल्लुजा घेतो, कारण तेथील घटनाक्रम दोन्ही बाजूंना आधार देतो आणि दोघांनाही अडचणीत आणतो.

तो घटनाक्रम तोंडपाठ असावा. 31 मार्च 2004 रोजी एका अमेरिकी कंपनीचे चार सशस्त्र रक्षक फल्लुजात मारले गेले आणि त्यांपैकी दोघांचे जळालेले मृतदेह युफ्रेटिस नदीवरील पुलाला टांगण्यात आले. एप्रिलमध्ये अमेरिकी फौजेने शहरावर हल्ला केला, परंतु नागरिकांच्या मृत्यूंवरून गदारोळ उठल्यावर तो थांबवून शहर एका स्थानिक ब्रिगेडच्या हवाली केले. ती ब्रिगेड काही महिन्यांतच मोडली आणि तिची बरीच शस्त्रे बंडखोरांच्या हाती पडली. दुसरा, मोठा हल्ला 7 नोव्हेंबरला सुरू झाला आणि लढाई डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत चालली.

जीवितहानीकडे वळताना आकडा सांगण्याआधी तो कोणी मोजला, हे सांगावे. या दुसऱ्या लढाईत सुमारे 95 अमेरिकी सैनिक मारले गेले आणि त्यांची सरकारी नोंद आहे. नागरिकांबाबत रेड क्रॉसच्या एका अधिकाऱ्याने 800 मृत्यूंचा अंदाज दिला होता, तो अंदाज म्हणूनच उद्धृत करावा. मात्र तेवढ्यावर थांबू नये. हल्ल्याच्या पहिल्याच रात्री नदीपलीकडचे मुख्य रुग्णालय ताब्यात घेण्यात आले, कारण एप्रिलमधील मृतांचे आकडे तेथून बाहेर गेले होते आणि अमेरिकी अधिकारी त्या जागेला बंडखोरांच्या प्रचाराचे केंद्र मानत होते. कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांना खोल्यांतून बाहेर काढून, हात मागे बांधून जमिनीवर बसवण्यात किंवा झोपवण्यात आले. हे दृश्य श्रोत्यांसमोर जरूर उभे करावे आणि लगेच विचारावे की, मोजणारी जागाच पहिल्या काही तासांत हातची गेल्यावर ‘आकडा सिद्ध झालेला नाही’ हा युक्तिवाद किती पुढे नेता येईल.

समर्थक बाजूकडे याचे एक बळकट उत्तर आहे. बहुसंख्य रहिवासी हल्ल्यापूर्वीच शहराबाहेर पडले होते आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले. हे मोकळेपणाने मान्य करावे, पण लढण्याच्या वयाच्या पुरुषांना नाक्यांवरून परत पाठवले गेले होते, याचीही आठवण द्यावी. आत अडकलेल्या अशा माणसाचा मृत्यू नागरिकांच्या रकान्यात धरायचा की बंडखोरांच्या, याचा निर्णय प्रत्येक वक्त्याने आकडा उच्चारण्यापूर्वी करायला हवा.

विजयाचे मोल ठरवताना आधी जाहीर केलेला हेतू पाहावा. जानेवारी 2005 च्या निवडणुकीपूर्वी बंडखोरांचा तळ मोडणे हा तो हेतू होता. तळ मोडला, याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु त्याच नोव्हेंबरमध्ये उत्तर इराकमधील मोसुल शहरातील पोलीस ठाणी बंडखोरांच्या हल्ल्यांपुढे कोसळली आणि फल्लुजा ज्या प्रांतात आहे त्या सुन्नीबहुल अनबारमध्ये निवडणुकीला जेमतेम 2 टक्के मतदान झाले. सुन्नी संघटनांनी पुकारलेल्या बहिष्कारामागे फल्लुजावरील हल्ला हे एक ठळक कारण होते. ज्या निवडणुकीसाठी शहर जिंकले, ती त्या प्रांतात जवळजवळ झालीच नाही, हा विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे असे मला वाटते.

याउलट ‘2014 मध्ये शहर इस्लामिक स्टेटकडे गेले, म्हणजे सारे रक्त वाया गेले’ हा मुद्दा ऐकायला जोरकस असला तरी कच्चा आहे. मधल्या नऊ वर्षांत अनबारच्या सुन्नी जमाती अल-कायदाविरुद्ध उभ्या राहिल्या आणि नंतर, डिसेंबर 2013 मध्ये, बगदाद सरकारने अनबारची राजधानी असलेल्या रमादीतील सुन्नी आंदोलकांचा तळ उधळला. या घटनांचा हिशेब न देता 2004 आणि 2014 यांच्यात थेट रेघ ओढणारा वक्ता प्रतिपक्षाच्या पहिल्याच प्रश्नाला गडबडतो. जून 2016 मध्ये इराकी फौजेला तेच शहर पुन्हा लढून घ्यावे लागले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

‘हल्ला नकोच होता’ म्हणणाऱ्याने एप्रिलचे उत्तर तयार ठेवावे. तेव्हा हल्ला थांबवला होता आणि उन्हाळाभर शहर बंडखोरांचा गड बनले. त्यामुळे निव्वळ नकार पुरत नाही. थांबल्यावर शहर कोणाच्या हाती आणि कोणत्या अटींवर द्यायला हवे होते, हे सांगावे लागते.

शेवटची दोन मिनिटे परतलेल्या माणसांसाठी राखावीत. रहिवासी परत येऊ लागले तेव्हा नाक्यावर बोटांचे ठसे द्यायचे, डोळ्यांची तपासणी करून घ्यायची, ओळखपत्र घ्यायचे आणि मग आपल्या गल्लीत जाऊन घर उभे आहे की नाही ते पाहायचे, असा क्रम होता. समर्थक बाजूने त्या माणसाला त्या दिवशी कोणती सुरक्षितता मिळाली ते सांगावे, विरोधी बाजूने त्याने काय गमावले ते सांगावे, आणि दोघांनीही हे नाक्यावर रांगेत उभ्या असलेल्या त्याच एका माणसाबद्दल बोलावे.