हंगामी पावसाचा अंदाज कसा वाचावा: मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीसाठी

भारतीय हवामान विभाग नैर्ऋत्य मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्यास आणि सुधारित अंदाज मेअखेरीस जाहीर करतो. बातम्यांत त्यातला ‘सरासरीच्या इतके टक्के’ एवढाच आकडा झळकतो. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र त्याचाच उपयोग सर्वांत कमी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा आकडा संपूर्ण देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या एकूण पावसाचा असतो. १९७१ ते २०२० या काळातील ८७ सेंटिमीटर ही त्यासाठीची सरासरी असून एप्रिलच्या अंदाजात ५ टक्के, तर मेअखेरच्या अंदाजात ४ टक्के इकडेतिकडे होण्यास वाव ठेवलेला असतो.

म्हणून त्याच पत्रकातील शक्यतांचा तक्ता आधी पाहावा. अपुरा, सरासरीहून कमी, सरासरीइतका, सरासरीहून अधिक आणि अतिरिक्त अशा पाच वर्गांत प्रत्येकाची शक्यता तेथे दिलेली असते. २०२३ च्या एप्रिलमध्ये ९६ टक्के, म्हणजे ‘सरासरीइतका’ पाऊस सांगितला गेला. पण तक्त्यात अपुऱ्या पावसाची शक्यता २२ टक्के आणि सरासरीहून कमी पावसाची २९ टक्के होती, म्हणजे दोन्ही मिळून निम्म्याहून अधिक. एरवी या दोन वर्गांची बेरीज ३३ टक्के असते. प्रत्यक्षात देशात ९४ टक्के पाऊस झाला, त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि ऑक्टोबरअखेरीस महाराष्ट्रात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. मथळा आणि तक्ता यांतील हे अंतर ज्यांनी एप्रिलमध्येच वाचले असेल, त्यांना तयारीसाठी दोन महिने मिळाले.

त्यानंतर नकाशा पाहावा. त्यात कमी, साधारण आणि अधिक या तीन गटांपैकी कोणत्या गटाची शक्यता जास्त आहे, ते रंगाने दाखवलेले असते. आपल्या भागावर रंग नसेल तर तेथे पाऊस साधारण राहील असा अर्थ काढू नये. तिन्ही शक्यता जवळपास सारख्याच आहेत, एवढेच ते सांगते.

एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा जास्त तापल्याची, बातमी आली की दुष्काळ ठरलेलाच, हा समजही सोडावा. १९९७ मध्ये एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. २०१५ मध्ये मात्र तो ८६ टक्क्यांवर थांबला. हिंद महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतील तापमानाचा फरक काही वर्षी एल निनोचा परिणाम सौम्य करतो, म्हणून दोन्हींची स्थिती एकत्र वाचावी.

हंगामी अंदाजावरून पेरणीची तारीख मात्र कधीही ठरवू नये. त्यावरून पिकांचे प्रमाण ठरवावे: कमी पावसाची शक्यता वाढलेली असेल, तर हलक्या जमिनीवरील सोयाबीन कमी करून तुरीचे आंतरपीक वाढवावे, रुंद वरंबा सरी पद्धत निवडावी आणि दुबार पेरणीसाठी बियाणे राखून ठेवावे. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर, वाफसा येताच, म्हणजे जमीन कामाजोगी ओलसर होताच, करावी. पावसातील पुढील खंडाचा अदमास दर गुरुवारी येणाऱ्या चार आठवड्यांच्या विस्तारित अंदाजातून घ्यावा. त्यातील पहिले दोन आठवडे अधिक भरवशाचे असतात. खत, फवारणी आणि कोळपणी यांसाठी मंगळवार व शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला वापरावा.

हंगाम सुरू झाल्यावर हवामान विभागाच्या उपविभागाच्या (उदा. मराठवाडा) आकडेवारीवर विसंबू नये, कारण तेथे १९ टक्क्यांपर्यंतची तूटही ‘सरासरीइतकी’ म्हणूनच नोंदली जाते आणि एकूण बेरीज जुळली तरी फुलोऱ्यातील तीन आठवड्यांचा खंड तिच्यात दिसत नाही. आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची रोजची नोंद वहीत उतरवावी आणि पाऊस नसलेले सलग दिवस वेगळे मोजावेत. दुष्काळाच्या मूल्यमापनात पावसाच्या तुटीबरोबर खंडही तपासला जातो, त्यामुळे ही वही पुढे तलाठी किंवा कृषी सहायक यांच्यासमोर ठेवता येते.