डायलिसिसवरच्या आईवडिलांना महाबळेश्वरला नेताना

सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस असेल तर साताऱ्याहून शनिवारी सकाळी निघा, रविवारी दुपारी परत या. सोमवारची पाळी चुकवायची नाही म्हणजे नाही. पण दोन डायलिसिसमधला आठवड्यातला मोठा खंड शुक्रवार ते सोमवार हाच. अंगात पाणी साठतं ते याच दोन दिवसांत. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरा. थंडीत चहा वाढतो, तेव्हा कप प्याले की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाका. सूप, आइस्क्रीमही त्यातच धरा. पसरणी घाटात मळमळलं तरी शहाळं देऊ नका, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या हातावर पिशवी अडकवू नका, त्या कुशीवर झोपू देऊ नका. फाइल डिकीत नको, हाताशी हवी.