टॉप-अप करून मोकळे होऊ नका

गेल्या मे महिन्यात घोडबंदर रोडला, गायमुखच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती आणि माझ्या गाडीचा टेम्परेचरचा काटा लाल रेषेला टेकला. त्याआधी महिनाभर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी मिनिमम रेषेखाली जात होती आणि मी बाटलीने नळाचं पाणी ओतत होतो. वॉटर पंपच गळत होता.

कूलंट बंद सर्किटमध्ये फिरतं. ते पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर गळती शोधा. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच वापरा. तयार मिसळलेल्या कूलंटमध्ये मात्र तेही घालायचं नाही. गाडी तापली की एसी बंद, हीटर फुल, कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असल्यामुळे शंभर अंशांवरही न उकळलेलं पाणी झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं.

ब्रेक ऑइलची चूक नावापासूनच सुरू होते. ते बहुतेक गाड्यांत तेल नसून ग्लायकॉलवर आधारित द्रव असतो. त्यात चुकून इंजिन ऑइल पडलं तर रबरी सील फुगतात. लेव्हल हळूहळू उतरली तर आधी ब्रेक पॅड झिजलेत का ते बघा. शिवाय हा द्रव हवेतला ओलावा शोषतो आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवीन असताना २३० अंश, ओलावा शिरल्यावर १५५. माळशेजहून उतरताना सतत ब्रेक दाबून तो उकळला, की पेडल थेट तळाला जातं. लेव्हल बरोबर दिसली तरी साधारण दोन वर्षांनी बदला.

‘किलोमीटर कुठे झालेत?’ म्हणून इंजिन ऑइल पुढे ढकलणारे तर प्रत्येक सोसायटीत आहेत. ठाणे–ऐरोलीच्या गर्दीत इंजिन तासभर चालतं, किलोमीटर मात्र जेमतेम वाढतात. म्हणून पुस्तिकेत किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी, सपाट जागी बघा, पार्किंगच्या रॅम्पवर नको. मॅक्सिममच्या वर भरलं तर ऑइल फेसाळतं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी काळा-तपकिरी डाग दिसला तर बहुधा इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी असेल तर कूलंट. चाकाजवळ फिकट, बुळबुळीत ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकतं; गाडी हलवू नका, मेकॅनिकलाच खाली बोलवा. नुसतं स्वच्छ पाणी असेल, तर ते एसीचं.